अमरांची भाऊबंदकी

‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात अकिलीस नदीकाठाने माणसे कापत सुटला आहे. जिवलग मित्र पेट्रोक्लस मारला गेल्यापासून त्याच्या मनात दयेला जागा उरलेली नाही. नदीतून धडपडत वर आलेला एक तरुण त्याच्या पुढ्यात सापडतो. हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा मुलगा लायकेऑन. मागे एकदा अकिलीसनेच त्याला बापाच्या बागेतून पकडून लेम्नॉस बेटावर विकले होते. कुणीतरी खंडणी भरून त्याला सोडवले. तो घरी पोचला, अकरा दिवस आपल्या माणसांत राहिला आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच हातांत सापडला. तो अकिलीसचे गुडघे धरून जीव मागतो. अकिलीस त्याला सांगतो की पेट्रोक्लस गेला, मीही एक दिवस जाणार, मग तूही मर. तलवार चालते आणि प्रेत नदीत भिरकावले जाते.

याच सर्गात पुढे देव एकमेकांवर तुटून पडतात. अथीना युद्धदेव आरेसला धोंडा हाणून लोळवते. हेरा आर्टेमिसची दोन्ही मनगटे एका हाताने धरते, दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावरचे धनुष्य काढून घेते आणि त्यानेच हसत हसत तिच्या कानशिलात लगावते. बाण भुईवर सांडतात. आर्टेमिस रडत ऑलिंपस गाठते आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसते. तिची आई लीटो मागे राहून लेकीचे बाण गोळा करते. देव भांडताना पाहून झ्यूसला मनापासून हसू येते.

लायकेऑनचे प्रेत समुद्राकडे वाहत चालले आहे आणि आकाशातला बाप हसतो आहे. ग्रीक देव माणसांसारखे रुसतात, फसवतात, मत्सर करतात, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. त्यापुढचा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो: त्यांच्या दोषांची किंमत कोण मोजतो? ग्रीक कवींनी या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा दिले आहे आणि ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

इ.स.पू. पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की ग्रीकांना देवांची वंशावळ दिली ती हेसिअड आणि होमर यांनी. कोणाचे नाव काय, मान कोणता, काम कोणते, रूप कसे, हे या दोन कवींनी ठरवले आणि तेही आपल्यापूर्वी जेमतेम चारशे वर्षे. देव त्याहून जुने होते हे आता कळले आहे. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये मायसीनी काळातली लिपी उलगडली, तेव्हा इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर झ्यूस, हेरा, पोसायडन, इतकेच काय, डायोनायससचेही नाव निघाले. पण त्या पाट्या म्हणजे राजवाड्याच्या कोठाराचे हिशेब. कोणत्या देवाला काय आणि किती अर्पण केले, एवढेच त्यांत आहे. देवांचा स्वभाव त्यांत नाही, तो कवींनी दिला. कवींवर अंकुश ठेवायला ग्रीसमध्ये कोणी नव्हते. सर्वांनी मानावा असा एक धर्मग्रंथ नव्हता, सगळ्या नगरांवर हुकमत चालवणारे धर्मपीठ नव्हते. पुजारीपण एखाद्या घराण्याकडे तरी असे, नाहीतर मुदतीपुरते नेमलेल्या नागरिकाकडे. त्यामुळे कथेला मोकळे रान मिळाले.

हेसिअडने इ.स.पू. ७०० च्या आसपास सांगितलेली देवांची उत्पत्तिकथा ही तीन पिढ्यांची भाऊबंदकी आहे. आकाश म्हणजे युरेनस. तो आपली मुले जन्मताच धरित्रीच्या, म्हणजे गायाच्या, पोटात परत कोंबतो. वेदनेने कळवळलेली गाया विळा घडवते आणि धाकटा मुलगा क्रोनस त्या विळ्याने बापाचे लिंग छाटतो. मग तोच क्रोनस, आपला मुलगाही आपल्याला पदच्युत करील या धास्तीने, जन्मलेले प्रत्येक मूल गिळून टाकतो. शेवटच्या खेपेला त्याची बायको ऱ्हिया बाळाऐवजी कापडात गुंडाळलेला दगड त्याच्या हाती देते आणि खरे बाळ क्रीट बेटावर लपवते. तो बाळ झ्यूस. पुढे क्रोनसला सगळी मुले ओकावी लागतात आणि सर्वांत आधी बाहेर पडतो तो दगड. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने डेल्फीला तो दगड पाहिला. तिथे त्यावर रोज तेल घालत असत.

ही क्रूरता ग्रीकांची एकट्याची नव्हती. आजच्या तुर्कस्तानात हट्टुसा इथे सापडलेल्या हित्ती पाट्यांवर कुमार्बी देवाची कथा आहे. तोही आकाशदेव अनूचे लिंग दाताने तोडतो आणि त्यातून जन्मलेला वादळदेव पुढे त्यालाच हटवतो. हेसिअडची कथा या पूर्वेकडच्या कथांशी इतकी मिळतीजुळती आहे की ती त्याच मुळातून आली याबद्दल अभ्यासकांना फारशी शंका नाही. ग्रीकांचे स्वतःचे योगदान पुढे दिसते. बापाला हटवून मुलगा बसतो ही साखळी तुटावी म्हणून झ्यूस दोन गोष्टी करतो. पहिली बायको मीटिस, म्हणजे साक्षात चातुर्य, गरोदर असताना तो तिलाच गिळतो. तिच्या पोटची अथीना मग त्याच्या डोक्यातून जन्मते. दुसरी गोष्ट म्हणजे तो सर्व देवांना मान आणि अधिकार वाटून देतो.

या वाटणीतच पुढच्या सगळ्या भांडणांचे बी आहे. ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात पोसायडन संतापून जुना करार आठवतो. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. झ्यूसला आकाश मिळाले, हेडिसला पाताळ, आपल्याला समुद्र. पृथ्वी आणि ऑलिंपस मात्र सामायिक राहिले. मग झ्यूसने आपल्याला हुकूम सोडावेतच का? त्याने आपल्या पोराबाळांना दटावावे, बरोबरीच्या भावाला नव्हे. वाडवडिलांच्या जमिनीवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या घरांत हे बोलणे जसेच्या तसे ऐकू येते. पोसायडन अखेर माघार घेतो, पण धुसफुसत. याआधी एकदा त्याने, हेराने आणि अथीनाने मिळून झ्यूसला बांधून घालण्याचा कटही केला होता. तेव्हा समुद्रदेवी थेटिसने शंभर हातांचा ब्रायरिऑस आणून झ्यूसशेजारी बसवला आणि कटवाले गप्प झाले. ऑलिंपसची सत्ता न्यायावर उभी नव्हती, धाकावर उभी होती. हेरालाही ते ठाऊक होते. झ्यूसने एकदा तिचे हात सोन्याच्या साखळीने बांधून आणि पायांना ऐरणी अडकवून तिला आकाशात लटकवले होते.

देवांचा सर्वांत मोठा दोष कोणता, असे विचारले तर बहुतेक जण झ्यूसच्या भानगडींकडे बोट दाखवतील. कवींच्या हिशेबी मात्र खरा दोष मानपानाचा आहे. कॅलिडॉनच्या राजाने सुगीच्या वेळी सगळ्या देवांना नैवेद्य दाखवला, फक्त आर्टेमिसला विसरला. तिने त्याच्या शेतांवर एक प्रचंड रानडुक्कर सोडले. ट्रॉयचे युद्ध ज्या कथेपासून सुरू होते, तीही ‘सर्वांत सुंदर कोण’ या तीन देवींच्या स्पर्धेचीच. अथेन्स नगर कोणाचे, यावरून अथीना आणि पोसायडन भांडले. त्याने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, तिने ऑलिव्हचे झाड दिले आणि निवाडा तिच्या बाजूने लागला. हा कज्जा अथेन्सकरांनी पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी दर्शनी भागात संगमरवरात कोरून ठेवला. प्लुटार्क एक सुंदर गोष्ट नोंदवतो. बोइड्रोमिऑन महिन्याची दुसरी तारीख ही त्या भांडणाची तारीख, म्हणून अथेन्सकर ती पंचांगातून गाळत असत. देवांचे भांडण झाले हे ते मानत होते, त्याची आठवण दरवर्षी उगाळायची नाही हेही त्यांनी ठरवले होते. त्यांनी हरलेल्या पोसायडनलाही टाकले नाही. ॲक्रोपोलिसवर एरेक्थिऑन मंदिरात त्याच्या झऱ्याची जागा राखली गेली.

या पोसायडनची एक छोटी ब्राँझमूर्ती महाराष्ट्रातही आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर विसाव्या शतकाच्या चाळीसच्या दशकात ती सापडली आणि आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनकाळात रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराबरोबर ती दख्खनमध्ये आली असावी. समुद्रापासून इतक्या दूर घाटमाथ्यावर पोचलेला हा समुद्रदेव प्रत्येक मराठी वाचकाने एकदा डोळ्यांनी पाहावा.

मानपानाचा सर्वांत भयंकर प्रसंग ‘इलियड’च्या चौथ्या सर्गात आहे आणि तो पुरेसा प्रसिद्ध नाही याचे वाईट वाटते. ट्रॉयचा पॅरिस आणि ग्रीकांचा मेनेलेअस यांचे द्वंद्व झाले आहे, दोन्ही सैन्यांनी शस्त्रे खाली ठेवली आहेत. द्वंद्वाआधी ठरलेला करार पाळला तर युद्ध इथेच संपेल. ऑलिंपसवर झ्यूस सुचवतो की आता शांतता होऊ द्यावी. हेराचा भडका उडतो. सैन्य गोळा करताना मी घाम गाळला, माझे घोडे दमले, ते सारे वाया घालवायचे? झ्यूस चकित होऊन विचारतो की प्रायमने आणि त्याच्या मुलांनी तुझे असे काय वाकडे केले आहे. सूर्याखालच्या सगळ्या नगरांत ट्रॉय आपल्याला अधिक प्रिय आहे, तिथल्या वेदीवर आपला वाटा कधी चुकला नाही, हेही तो सांगतो. तरीही तो मान तुकवतो, एका अटीवर: पुढे कधी मला तुझ्या आवडीचे नगर उद्ध्वस्त करावेसे वाटले तर तू आड यायचे नाही. हेरा क्षणाचाही विचार न करता उत्तर देते. अर्गॉस, स्पार्टा आणि मायसीनी ही माझी तीन लाडकी नगरे. हवी तेव्हा जमीनदोस्त कर.

सौदा ठरतो. अथीना खाली उतरते, एका ट्रोजन धनुर्धराला भरीला घालून करार मोडायला लावते आणि कत्तल पुन्हा सुरू होते. ज्यांनी निष्ठेने यज्ञ केले त्या भक्तांची नगरे नवरा-बायकोच्या रागलोभात चलनासारखी वापरली गेली. या प्रसंगात कोणी देव दुष्ट म्हणून रंगवलेला नाही, हे त्याहून वाईट. दोघेही आपापल्या परीने समजूतदारपणाच दाखवत आहेत.

हेरा ही विवाहाची देवता. सामोस बेटावरचे तिचे मंदिर ग्रीक जगातल्या भव्य मंदिरांपैकी एक होते. तिचाच संसार सर्वांत दुःखी असावा, हे कथाकारांना सहज सुचले नसणार. झ्यूस राजहंस होऊन लीडाकडे जातो, बैल होऊन युरोपाला पळवतो, पतीचे रूप घेऊन अल्कमीनीला फसवतो. हे प्रकार ‘प्रेमप्रकरणे’ म्हणून सांगण्याची रूढी आता सोडून द्यायला हवी. त्यांतल्या बहुतेक स्त्रियांची संमती कोणी विचारलेली नाही. हेरा झ्यूसला काही करू शकत नाही, म्हणून सूड त्या स्त्रियांवर उगवते. आयोला गाय होऊन गांधीलमाशीच्या दंशाने देशोदेशी धावावे लागते. सेमिलीला हेरा कपटाने झ्यूसचे खरे रूप पाहण्याचा हट्ट धरायला लावते आणि ती त्या विजेत जळून जाते. हेरॅक्लिस तर पाळण्यात असल्यापासून हेराचे वैर भोगतो आणि शेवटी तिने घातलेल्या वेडाच्या भरात स्वतःच्याच मुलांना मारतो. अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हा हिशेब कवींनी कधी लपवला नाही.

एका आईने मात्र झ्यूसला खरोखर नमवले. डिमिटरची मुलगी पर्सिफनी हेडिसने पळवली ती झ्यूसच्या संमतीने. मुलीच्या बापानेच तिला न विचारता काकाला देऊन टाकले होते. डिमिटर नऊ दिवस मशाली घेऊन लेकीला शोधते, म्हातारीच्या वेषात एल्युसिसला एका घरी दाई म्हणून राहते आणि शेवटी जमिनीतून बी उगवू द्यायचे नाकारते. माणसे उपाशी मरू लागतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे यज्ञ थांबतात आणि देवांचा वाटा बंद होतो. तेव्हा झ्यूस एकामागून एक देव तिच्या मनधरणीला पाठवतो. अखेर पर्सिफनी परत येते, पण पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला तिथेच काढावा लागतो. या कथेवर उभा राहिलेला एल्युसिसचा गुप्त विधी हजार वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात स्त्रियांना, गुलामांनाही प्रवेश होता. देवाच्या अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली आई ज्या कथेत आहे, त्याच कथेने सामान्य माणसाला मृत्यूनंतरचा सर्वांत मोठा दिलासा द्यावा, याचे नवल वाटत नाही.

हेफेस्टसकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. तो लंगडा आहे, लोहार आहे आणि सगळ्या देवांत एकटाच हाताने काम करून घाम गाळणारा आहे. एका कथेत आईबापांच्या भांडणात तो आईची बाजू घेतो म्हणून झ्यूस त्याला पाय धरून खाली फेकतो. दिवसभर पडत पडत तो लेम्नॉसवर आदळतो. दुसऱ्या कथेत अपंग मूल नको म्हणून हेराच त्याला समुद्रात टाकते. दोन्ही कथा ‘इलियड’मध्ये तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. पहिल्या सर्गात आईबाप पुन्हा भांडू लागतात, तेव्हा तोच लंगडत लंगडत प्याले भरत फिरतो आणि त्याची चाल पाहून देव खदखदून हसतात. ‘ओडिसी’त त्याची बायको आफ्रोडायटी आरेसबरोबर सापडते. तो दोघांना डोळ्यांना न दिसणाऱ्या जाळ्यात पलंगावरच अडकवतो आणि देवांना पंच म्हणून बोलावतो. देव येतात आणि पुन्हा हसतात. देवी मात्र लाजेने घरीच थांबतात. हर्मिस तर उघड सांगतो की याच्या तिप्पट साखळ्या असल्या तरी मी आरेसच्या जागी आनंदाने पडून राहीन. प्राचीन काळी काही हस्तलिखितांतून हा संवाद अशोभनीय म्हणून गाळला जात असे. हेफेस्टसच्या वाट्याला शेवटी पोसायडनने दिलेला दंडाचा जामीन तेवढा येतो. पण अथेन्सच्या कारागिरांनी या देवाची थट्टा केली नाही. बाजारचौकावरच्या टेकाडावर त्यांनी त्याचे जे मंदिर बांधले, ते आज ग्रीसमधल्या सर्वांत सुस्थितीतल्या प्राचीन मंदिरांपैकी एक आहे.

देव इतके हसतात कारण त्यांचे काहीच कायमचे बिघडत नाही. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोमिडिस हा माणूस आफ्रोडायटीच्या मनगटावर भाला मारतो. रक्ताऐवजी ‘इकोर’ नावाचा दैवी द्रव वाहतो आणि ती किंचाळत आईकडे पळते. आई हात पुसते, जखम भरून येते. आरेस भोसकला जातो तेव्हा नऊ-दहा हजार माणसे ओरडावीत तसा ओरडतो, झ्यूसकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस त्याला सर्व देवांत तूच मला जास्त नकोसा आहेस असे सुनावतो आणि तरीही लगेच त्याच्यावर उपचार करवतो. देवाला होऊ शकणारी मोठ्यातली मोठी शिक्षा हेसिअडने सांगितली आहे. स्टिक्स नदीची शपथ मोडणारा देव एक वर्ष श्वासाविना निपचित पडतो आणि पुढची नऊ वर्षे त्याला देवांच्या सभेत आणि मेजवानीत जागा नसते. दहाव्या वर्षी सगळे पूर्ववत.

अपवाद एकच, देवाचे मूल मर्त्य असेल तर. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन पेट्रोक्लसच्या हातून मरणार असतो. नियतीने ठरवलेले मरण टाळावे का, असा विचार झ्यूसच्या मनात येतो. हेरा बजावते की मग प्रत्येक देव आपापले मूल उचलून नेईल. झ्यूस ऐकतो. तो पृथ्वीवर रक्ताचे थेंब वर्षतो आणि मुलाला मरू देतो. निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ त्याचा देह उचलून मायदेशी, लिसियाला नेतात. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्सच्या युफ्रॉनिऑसने हे दृश्य एका मोठ्या मद्यपात्रावर रंगवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते १९७२ मध्ये विकत घेतले होते, पण ते इटलीतून चोरून बाहेर नेलेले होते म्हणून २००८ मध्ये परत करावे लागले. जखमांतून रक्त ठिबकणारा तो विशाल देह पाहिला की ‘इलियड’मधला झ्यूस याच एका क्षणी माणसाच्या सर्वांत जवळ येतो, हे पटते.

या कथा ग्रीकांना निमूटपणे पटल्या, असे समजू नये. इ.स.पू. सहाव्या शतकातच झेनोफेनिसने ठणकावले होते की चोरी, व्यभिचार, फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणे मानले जाते ते सगळे होमर आणि हेसिअड यांनी देवांच्या माथी मारले आहे. इथिओपियन लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसवासीयांचे देव निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनीही आपल्यासारखेच देव काढले असते, हा त्याचा युक्तिवाद. त्याच शतकात रीजिअमच्या थिॲजिनिसने दुसरी वाट काढली: देवांची युद्धे म्हणजे उष्ण आणि शीत, कोरडे आणि ओले यांचा झगडा. १९६२ मध्ये थेस्सालोनिकीजवळ डेर्वेनी इथे चितेच्या अवशेषांत अर्धवट जळालेली पपायरसची गुंडाळी सापडली. तिच्यातही एक लेखक ऑर्फियसच्या नावावर चालणाऱ्या काव्यातल्या देवांच्या धक्कादायक कृत्यांचा असाच आडवळणाचा अर्थ लावताना दिसतो. प्लेटोला ही पळवाट मंजूर नव्हती. लहान मुलाला रूपक कळत नाही, त्याच्या मनावर गोष्टच ठसते, म्हणून आदर्श राज्यात असल्या कथा नकोतच, असे त्याने ‘रिपब्लिक’मध्ये मांडले. त्याच्याच ‘युथिफ्रो’ या संवादात स्वतःच्या बापावर खटला भरणारा युथिफ्रो, झ्यूसनेही बापाला बेड्या घातल्याच होत्या, असा दाखला देतो. प्लेटोची भीती पोकळ नव्हती.

आणि तरीही पूजा चालू होती, मनापासून चालू होती. इ.स.पू. ४०५ मध्ये डायोनायससच्याच उत्सवात ॲरिस्टोफेनिसचे ‘बेडूक’ हे नाटक झाले. त्यात डायोनायसस पाताळात जाताना भीतीने कपडे खराब करतो, देव कोण आणि गुलाम कोण हे ठरवण्यासाठी चाबकाचे फटके खातो. एका प्रसंगी तो थेट प्रेक्षकांत पुढच्या रांगेत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याला वाचवण्याची विनंती करतो. या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. त्याआधी दहाच वर्षे, इ.स.पू. ४१५ मध्ये, सिसिलीच्या मोहिमेच्या तोंडावर एका रात्रीत अथेन्सभरच्या हर्मिसच्या दगडी मूर्तींची तोंडे कोणीतरी फोडली, तेव्हा मात्र नगर हादरले. धरपकड झाली, देहदंड झाले, दोषींची मालमत्ता लिलावात निघाली. घरात एल्युसिसच्या विधींची नक्कल केल्याच्या आरोपावरून त्या मोहिमेचा एक सेनापती अल्सिबिआडिस याला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला. कथेत देवाची हवी तेवढी फजिती चालत होती. वेदी, मूर्ती आणि विधी यांना धक्का लागलेला चालत नव्हता. देव चांगला आहे म्हणून ग्रीक माणूस यज्ञ करीत नव्हता. समुद्र, भूकंप, रोगराई, काम, युद्ध या गोष्टी खऱ्या आहेत, त्या आपल्यावर राज्य करतात आणि त्यांना आपल्या भल्याबुऱ्याशी देणेघेणे नाही, हे तो रोज पाहत होता.

ही जाणीव सर्वांत निर्भयपणे मांडली ती युरिपिडीसने. इ.स.पू. ४२८ च्या ‘हिपॉलिटस’मध्ये आर्टेमिसचा भक्त हिपॉलिटस आफ्रोडायटीला मान देत नाही, म्हणून ती त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी वासना जागवते. फीड्राचा काही अपराध नाही. तरी ती मरणार, हे आफ्रोडायटी सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटी खोट्या आरोपावरून बापाच्या शापाने मरणपंथाला लागलेल्या हिपॉलिटसजवळ आर्टेमिस येते. ती त्याला वाचवत नाही, कारण दुसऱ्या देवाच्या इच्छेच्या आड यायचे नाही असा देवांचा रिवाज आहे. पुढे कधीतरी आफ्रोडायटीच्या लाडक्या माणसाला मी मारीन, एवढे आश्वासन ती देते आणि मरण पाहणे देवांना वर्ज्य म्हणून निघून जाते. मागे उरतात बाप आणि मुलगा. मरता मरता हिपॉलिटस बापाला क्षमा करतो. देवीकडे सूड होता, माणसाकडे क्षमा होती.

युरिपिडीसच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या ‘बॅखी’ या नाटकात तर वृद्ध कॅडमस डायोनायससच्या तोंडावरच सांगतो की रागाच्या बाबतीत तरी देवांनी माणसांसारखे असू नये. डायोनायसस त्याचे म्हणणे खोडून काढत नाही. माझ्या बापाने, झ्यूसने, हे फार पूर्वीच मंजूर केले होते, एवढेच तो म्हणतो.

प्लेटोने होमरला आपल्या राज्याबाहेर काढले, पण शाळांनी काढले नाही. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या ग्रीक साहित्याच्या पपायरसांत सर्वाधिक तुकडे होमरचे आहेत आणि त्यांतही ‘इलियड’चे, कित्येक तर मुलांनी गिरवलेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसने यज्ञांवर बंदी घातली, मंदिरे बंद पडली, ऑलिंपसवरच्या देवांना मानणारे हळूहळू उरले नाहीत. ‘इलियड’ची प्रत करणारे मात्र उरले. आज उपलब्ध असलेल्या ‘इलियड’च्या पूर्ण हस्तलिखितांत सर्वांत मोलाचे मानले जाते ते दहाव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात, ख्रिस्ती जगात लिहिले गेले. पुढे ते कार्डिनल बेसारिऑन या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या संग्रहात होते. त्याने १४६८ मध्ये आपली ग्रंथसंपदा व्हेनिस नगराला दिली आणि आज ते तिथल्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. हेराने केलेला तीन नगरांचा सौदा त्यात एकही शब्द न गाळता लिहिलेला आहे.